मधल्या रेघेवरचा भात

"आलो रे आलो, डोंगर उतरून आलो,
नदीचं पाणी ओंजळीनं प्यालो,
धर रे धर, धरशील काय,
वाऱ्याला धनी नाय, धनी नाय, धनी नाय…"

काळू चढाईला जाताना 'कबड्डी कबड्डी' म्हणत नसे. हे म्हणे. एका दमात म्हणे, आणि शेवटचं 'धनी नाय' घुमवत समोरच्या सात जणांत शिरे. दम सरत आला की आवाज बारीक होई, तापल्या तव्यावर पाणी आटावं तसा. पण तुटत नसे. तुटायच्या आत त्याचा पाय मधल्या रेघेला लागलेला असे. पंच ओरडे, "ए, कबड्डी बोल." काळू दात काढून म्हणे, "बोललो ना, सायेब. माझ्या गावची बोललो."

काळूला जाऊन सहा वर्षं झाली. सुधाकरचा उजवा कान धाग्याच्या कंपनीत तीस वर्षं काढल्यावर बंद पडला. डाव्यानं तो जगाचं ऐकतो. तो आवाज मात्र बंद कानातच येतो. सोमवारी सकाळीही आला, श्रुती कचेरीचं पत्र वाचून दाखवत होती तेव्हा.

पत्र साधंच होतं. सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यांमागची, जिथं साकरतोड क्रीडा मंडळ खेळतं ती जागा सरकारी पडीक आहे. शेजारच्या कंपनीनं ट्रक उभे करायला ती मागितली आहे. मंडळाचं काही म्हणणं असेल तर स्थापनेपासूनचा इतिहास लेखी द्यावा. गुरुवारी अकराला साहेब जागा बघायला येतील.

"म्हणजे तीन दिवस," श्रुती म्हणाली. ती टोकरखाड्याच्या शाळेत शिकवते. शाळेला निघायच्या घाईत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "सांगा पप्पा. स्थापना?"

"नव्वद साल. संक्रांतीच्या आधी. आम्ही अकरा जण होतो, शिरपूर-साक्रीकडचे. खोलीत जागा नव्हती, रस्त्यावर खेळलो की वॉचमन दांडका घेऊन यायचा."

"मग ही जागा कशी मिळाली?"

सुधाकरनं चहाचा कप खाली ठेवला. मग उचलला.

"पडीक होती. झुडपं होती नुसती. पोरांनी साफ केली."

चुलीपाशी शोभा कळण्याची भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही, पण तिथूनच ती बोलली. "झुडपं कुठं होती? मी लग्न होऊन आले तेव्हा त्या कडेला पेंढ्याची उडवी होती ना मोठी. मी न् काळूभाऊंची कोंडाबाई तिच्या सावलीला बसायचो."

"ती पलीकडच्या शेतातली."

"पलीकडं नाला आहे."

"तू भाकरी बघ."

श्रुतीनं एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघितलं. "मग काय लिहू?"

"पडीक लिही."

तिनं लिहिलं. बोटं टकटक वाजली. पुढं तो भराभर सांगत गेला: पहिली ढाल कधी, दमणला कधी, मुलींचा संघ कोणत्या साली. आणि मंडळाची ती जुनी रीत: दर हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी कप्तानानं मधल्या रेघेवर नव्या भाताची मूठ ठेवायची, मगच शिट्टी. ती रीत कुणी सुरू केली, श्रुतीनं विचारलं. सुधाकर म्हणाला, "पहिल्यापासून आहे."

खोटं नव्हतं.

*

ट्रकवाल्यांना निकालाची वाट बघायची नव्हती. पंधरा दिवसांपासून शिफ्ट सुटली की दोन-दोन गाड्या मैदानावर येऊन उभ्या राहत. चाकांनी हातभर रुंद चर पाडले होते. असं मैदान साहेबाला काय दाखवायचं? मंगळवारी सकाळी विशालनं पोरं जमवली. विशाल मंडळाचा अध्यक्ष, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत सुपरवायझर. बाप नंदुरबारचा, हा जन्मला मसाटला. एका वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही जेवायला बसवतो.

"आप्पा, तमे बसा," तो सुधाकरला म्हणाला. "तुमचा गुडघा. फक्त सांगा कसं करायचं ते. पोरांना वरवरचं सारवण माहीत, खणून मैदान करायचं कोणाला माहीत नाही."

सुधाकर बसला नाही. कुदळ घेतली. थंडी होती, कारखान्यांचा धूर खाली दबून राहिला होता, आणि पहिल्या चार घावांतच त्याच्या बनियनला घाम सुटला. वीतभर खणायचं, ढेकळं फोडायची, माती चाळून घ्यायची. मग वारुळाची माती मिसळायची, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, वर शेणाचं सारवण.

"वारुळाचीच का?" पहार घेऊन आलेल्या संजूनं विचारलं. "ट्रॅक्टरभर लाल माती मागवली असती."

"आम्ही एकदा शहाणपणा केला होता," सुधाकर म्हणाला. त्याला बोलायला बरं वाटलं. "पहिल्या साली. गावाहून येताना प्रत्येकानं पिशवीपिशवी काळी माती आणली. तापीकाठची. म्हटलं, आपल्या मातीत पडलं तर लागणार नाही. सिल्वासाची टीम आली, मोठा सामना. सकाळी कोणीतरी दोन बादल्या पाणी जास्त मारलं."

"मग?"

"मग काय. काळी माती ती. चढाईवाला आमच्याकडं आला तो परत जाईना. पाय निघेना. आमचाही निघेना. चौदा माणसं गुळातल्या माश्यांसारखी उभी. काळू रेघेवर बसून हसत होता. म्हणाला, तुमची माती लई मायाळू हाये, भाऊ. सोडतच नाय कोणाला."

पोरं हसली. सुधाकरही हसला, आणि हसता हसता थांबला. त्याची नजर मधल्या रेघेकडं गेली होती. संजू तिथं खणत होता.

"संजू, मधे नको. मधलं राहू दे."

"आप्पा, सगळ्यात मोठा चर मधेच आहे."

खरं होतं. तरी आजवर मधलं कुणी खणलं नव्हतं. दर साली मैदान तयार करताना मधला तुकडा काळू स्वतः करायचा, हातानं, बसून. तो गेल्यावर कोंडाबाई, त्याची बायको, शेणाची पाटी घेऊन येई आणि मधल्यापासून सारवायला लागे. कुदळ तिथं लागायची नाही.

संजूची पहार ठक्कन वाजली.

दगडाचा आवाज नव्हता तो. दगड खणखणतो. हा आवाज भरीव होता, आतून आलेला. पोरं वाकली. हातांनी माती बाजूला केली, तेव्हा मांडीएवढ्या जाडीचा लाकडाचा गोल दिसला. वरून सपाट कापलेला. रंग तांबडा-काळा, खैराचा. चौतीस वर्षं जमिनीत राहून लाकडाला वाळवी लागली नव्हती.

"झाडाचं खोड आहे," विशाल म्हणाला. "उपटा. साहेबाच्या पायाला लागेल. काय आप्पा?"

सुधाकर वाकला. त्या गोलावर करवतीच्या रेघा अजून होत्या. एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं जरा तिरप्या. करवत दोन माणसांची होती. सरळ रेघा काळूच्या, तिरप्या त्याच्या. त्याला तेव्हा करवत धरायची सवय नव्हती. काळू म्हणाला होता, भाऊ, तू नुसतं ओढ. ढकलायचं काम माझं.

"असेल खोड," तो म्हणाला. "माती टाका वर."

"हात नको लावू."

कोंडाबाई आली होती. डोक्यावर शेणाची पाटी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं पाटी उतरवली, खड्ड्याशी बसली, आणि तळहातानं तो गोल पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा.

"मेढ हाये ही," ती म्हणाली.

"मेढ म्हणजे काय, मावशी?" विशालनं विचारलं.

"खळ्याची मेढ. हिला बैल बांधायचे नि भात मळायचं. गोल गोल फिरवून. इथं माझ्या सासऱ्यानं मळला, माझ्या माणसानं मळला." तिनं सुधाकरकडं वर बघितलं. "भाऊला ठाव हाये सगळं. माझ्या माणसानं खळं दिलं ह्यांना खेळाया. पुढल्या भातापर्यंत बोललेला. मंग पुढल्या भाताला बोलला, खेळू दे, मी घरापाशी बारकं खळं करीन. मेढ कापली, पोरांच्या पायाला लागंल म्हणून."

विशाल सुधाकरकडं बघत राहिला.

"म्हणजे ते भात ठेवायचं…" संजू म्हणाला.

"मेढीला नवा भात दाखवावा लागतो," कोंडाबाई म्हणाली, त्यात काय विचारायचं अशा सुरात. "तुम्ही ठेवता, चांगलं करता."

"पण आप्पा, पत्रात तर सरकारी पडीक आहे," विशाल म्हणाला.

"कशी सरकारी?" कोंडाबाई हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "कागद हाये ना माझ्याकडं. पेटीत. मोजणी झाली त्या टायमाचा. ह्या भाऊनंच वाचून दिलेला माझ्या माणसाला. गुरवारी घेऊन येते. सायेबाला सांगते, खेळू द्या पोरांना, माझी ना नाय. माझी गुड्डी खेळते हितं."

विशालनं टाळीच वाजवली. "मावशी, तमे तो काम करी नाख्युं. आप्पा, सांगायचं ना आधी! श्रुतीला सांगा, ते पडीकबिडीक काढून टाक म्हणावं."

सुधाकरनं मान हलवली. होकाराची होती की नकाराची, त्याचं त्यालाच कळलं नाही. तो कुदळ उचलून मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात गेला आणि खणलेलंच पुन्हा खणू लागला.

मोजणी त्र्याण्णव साली झाली होती. मे महिना. काळू आणि कोंडाबाई वसईकडं वीटभट्टीवर गेलेले. मोजणीवाला साखळी घेऊन आला, मैदानाच्या मधे उभा राहिला आणि म्हणाला, ही जागा कुणाची? सुधाकर पंचविशीतला, कप्तान, येत्या हिवाळ्यात मोठी स्पर्धा भरवायची होती. त्याच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. काळूची म्हटलं, तर उद्या काळूचे भाऊ-पुतणे येतील आणि भात मळतील. आणि दुसरी गोष्ट, ती तर काळूच्याच तोंडची: धनी नाय, धनी नाय. तो म्हणाला, कुणाची नाही, साहेब. पोरं खेळतात.

एवढंच वाक्य. मोजणीवाल्यानं लिहिलं आणि साखळी ओढत पुढं गेला.

पावसाळ्यानंतर काळू कागद घेऊन आला. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटपाशी उभा होता, कागद टॉवेलात गुंडाळलेला, भाकरीसारखा. "भाऊ, वाच. आमचं हाये ना यात?" सुधाकरनं वाचलं. घर होतं, घराचं परसू होतं. खळं नव्हतं. काळूचे डोळे त्याच्या ओठांवर होते. सुधाकर म्हणाला, "आहे."

काळू म्हणाला, "बस. तू वाचलंस ना." आणि त्याच संध्याकाळी चढाईला गेला.

*

बुधवारी कुणी वकील ओळखीचा विशालला फोनवर सापडला. विशाल धावत घरी आला. सुधाकर जेवायला बसला होता.

"आप्पा, तो म्हणतो कागद असेल तर सोनं आहे. पण कागद पक्का पाहिजे. कागदावर खळं नसलं आणि आपण खळं-खळं केलं, तर मग वाद झाला. वादाची जागा म्हणून फाईल पडून राहील, ना मंडळाची ना मावशीची. आणि तोवर ट्रक उभे. त्यापेक्षा मग पडीकच बरं. चौतीस वर्षं खेळतोय, तेवढ्यावर मिळू शकतं." तो श्वास घ्यायला थांबला. "पण कागद आहे ना. तुम्ही वाचलाय."

"जुनी गोष्ट आहे," सुधाकर म्हणाला.

"जुनी म्हणजे?"

"म्हणजे जुनी."

विशाल निघून गेला. शोभानं सुधाकरच्या ताटाकडं बघितलं.

"जेवून राहिले की घास चिवडून राहिले?"

"भूक नाही."

"कालपासून नाही. पत्र आलं तेव्हापासून नाही." ती समोर बसली, पदरानं हात पुसत. "मी उडवीचं बोलले तर गप केलं मला. मी गप बसते. चौतीस वर्षं त्या मैदानाचा धूळ-घाम धुतला, गप बसूनच धुतला. पण कोंडाबाईचं काही वाईट होणार असलं तर मला आधी सांगा. मला तिच्या तोंडाकडं बघायचं आहे."

सुधाकर उठला, हात धुतले. दोन्ही हात मनगटापर्यंत, परत परत. बोटांवर धाग्यानं कापलेल्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. साबणानं त्या जास्तच पांढऱ्या दिसत.

"कोंडाबाईकडं जाऊन येतो," तो म्हणाला.

सांगायचंच, असं ठरवून तो निघाला होता. रस्ताभर वाक्य जुळवत होता. कोंडाबाई, ऐक. कोंडाबाई, तेव्हा मी. कोंडाबाई, चूक झाली. कंपनीच्या भिंतीला लागून चालताना शब्द बरोबर बसत होते. नाला ओलांडला आणि कुडाचं घर दिसलं, की ते एकेक करून उतरून गेले.

अंगणात कोंडाबाईची नात गुड्डी सराव करत होती. सतरा वर्षांची, काळूसारखीच खांद्यातून वाकलेली. जमिनीवर काठीनं रेघ ओढलेली. ती रेघेपासून जांभळीपर्यंत पळे, खोडाला हात लावी आणि परत येई. तोंडानं बारीक काहीतरी चालू होतं. सुधाकरनं डावा कान पुढं केला. '…धरशील काय, वाऱ्याला धनी नाय, धनी नाय…'

"सामन्यात हे चालत नाही गं," तो म्हणाला.

"ठाव आहे, काका. सामन्यात कबड्डीच बोलते. पण यानं दम वाढतो." ती धापत हसली. "आजा बोलायचा, कबड्डी बोललं तर दम तोंडात राहतो, हे बोललं तर पोटात जातो."

कोंडाबाईनं खाट टाकली. नागलीची भाकर आणि लसणाची चटणी आणून पुढं ठेवली. नको म्हणायची सोय नव्हती. सुधाकरनं तुकडा मोडला.

"उद्या कोणतं लुगडं नेसू?" कोंडाबाईनं विचारलं. "सायेबापुढं बोलायचं हाये. मी कधी बोलले नाय सायेबापुढं. माझा माणूस बोलायचा. नाय तर तू बोलायचास." ती उंबऱ्यावर बसली. "शेवटच्या टायमाला त्याला दम लागायचा. ज्याचा दम सरला नाय कधी, त्याला दोन शब्दांत दम लागायचा. मी बोलली, पोरीचं काय, जमिनीचं काय. खालचं शेत तर कंपनीत गेलं. तो बोलला, खळं हाये ना. खळ्याची काळजी नको करू. भाऊनं वाचलंय."

सुधाकरनं पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

"कागद दे जरा," तो म्हणाला. "बघतो. वाचून ठेवतो."

आपण हे का मागतोय, त्याला नीट ठाऊक नव्हतं. तिला खरं वाचून दाखवायला, की कागद खिशात घालून न्यायला. दोन्ही त्याच्या मनात होतं, एकाच जागी, एकाच वजनाचं.

"आथा कुठं पेटी उघडू," कोंडाबाई म्हणाली. "वर गोधड्या हायेत. उद्या आणते. उद्याच वाच."

परत येताना मैदानावर पोरं धुमस घालत होती. धप्, धप्, धप्. मेढीवर त्यांनी माती टाकली नव्हती. विशालनं तिच्याभोवती गोल करून ठेवला होता, फक्कीनं आखलेला, साहेबाला दाखवायला.

*

गुरुवारी अकराचे बारा झाले. मैदान तयार होतं. कोंडाबाई पहाटेच येऊन सारवून गेली होती. सारवणावर तिच्या बोटांच्या कमानी वाळल्या होत्या, भाताच्या लाटांसारख्या. मुलींचा संघ एका बाजूला जर्सी घालून उभा होता. शोभा आली होती. श्रुती शाळेतून रजा घेऊन आली होती, हातात इतिहासाची फाईल. दोन प्रती होत्या तिच्या फाईलमध्ये. एकीत 'पडीक', एकीत 'श्री. काळू यांचे खळे'. कुठली द्यायची, ते पप्पा सांगणार होते.

साहेब आले. रत्नागिरीकडचे होते, पन्नाशीचे, डोक्याला रुमाल बांधलेले, बरोबर एक कारकून. कंपनीचा माणूसही होता, पांढऱ्या बुटांचा; तो सारवणाच्या कडेलाच थांबला, बूट बघत.

"छान केलंय," साहेब म्हणाले. "आमच्याकडे गावाला असंच असायचं. हे मधे काय?"

"मेढ आहे, साहेब," विशाल पुढं झाला. "इथं पूर्वी खळं होतं. ह्या मावशींच्या नवऱ्यानं मंडळाला दिलं. कागद आहे. मावशींची ना-हरकत आहे."

कंपनीच्या माणसानं वर बघितलं. कारकुनानं पेन काढलं.

"कागद असेल तर प्रश्नच वेगळा," साहेब म्हणाले. "दाखवा."

कोंडाबाई पुढं आली. निळं लुगडं नेसली होती, घडीच्या रेघा अंगावर उठलेल्या. तिनं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून कागद. घडीवर तो चार ठिकाणी फाटायला आला होता. साहेबांनी हात पुढं केला.

तिनं साहेबांना कागद दिला नाही. सुधाकरपुढं धरला.

"भाऊ, तूच वाच," ती म्हणाली. "माझ्या माणसाला तू वाचलास. आथा सायेबाला वाच."

सुधाकरनं कागद घेतला. हलका होता, पिंपळाच्या वाळल्या पानाइतका. वरच्या ओळीत काळूचं नाव होतं. त्याखाली घर. त्याखाली परसू. त्याखाली शिक्का, आणि मग कोरी जागा.

त्यानं वर बघितलं. विशाल मान पुढं काढून उभा होता. गुड्डी जर्सीच्या बाहीला नाक पुसत होती. शोभा त्याच्याकडं बघत नव्हती. ती कोंडाबाईच्या तोंडाकडं बघत होती. रस्त्यावर एका ट्रकनं गेटसमोर येऊन इंजिन चालूच ठेवलं होतं.

अजूनही सोपं होतं. अक्षर पुसलंय म्हणायचं. कागद दुसऱ्याच जागेचा आहे म्हणायचं. मग पडीकची प्रत द्यायची, आणि चौतीस वर्षं पोरं खेळतात हे सांगायचं. ते तर खरंच होतं. मैदान राहिलं असतं. गुड्डी खेळली असती. कोंडाबाई पुढल्या साली पाटी घेऊन आली असती.

बंद कानात आवाज सुरू झाला. आलो रे आलो. सुधाकर वाट बघत राहिला तो बारीक व्हायची. नदीचं पाणी. धरशील काय. आवाज सरत सरत रेघेपर्यंत आला.

"काळू वल्द नथू," त्यानं वाचलं. स्वतःचाच आवाज त्याला लांबचा वाटला. "राहतं घर. घराचं परसू." तो थांबला. "एवढंच आहे."

"नि खळं?" कोंडाबाईनं विचारलं. तिचा चेहरा अजून हसराच होता, खालचं पान राहिलं असेल अशा विश्वासानं. "खाली बघ ना, भाऊ."

विशाल हळूच म्हणाला, "आप्पा."

सुधाकरनं कागदाची घडी घातली, होती तशीच, जुन्या रेघांवर. ती कोंडाबाईच्या हातात ठेवली आणि तिचा हात सोडला नाही.

"खळं यात नाही, कोंडाबाई. तेव्हाही नव्हतं. काळूनं विचारलं, आणि मी आहे म्हणालो." ट्रकचं इंजिन वाजत होतं, तो आवाज चढवून साहेबांकडं वळला. "मोजणीवाल्यानं विचारलं होतं जागा कुणाची. काळू भट्टीवर होता. कुणाची नाही म्हणून मीच सांगितलं. साहेब, हे लिहा. जागा काळूची आहे. ही मेढ त्यानं आमच्यासाठी कापली. करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं."